कर्नलमधील हार्डवेअर टायमरचा ड्रायव्हर निवडण्याजोगा कसा करावा : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

लिनक्स कर्नलच्या कामात नव्याने शिरणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत जी कामे मिळतात, त्यांत ‘अमुक टायमरचा ड्रायव्हर कॉन्फिगर करता येईल असा करा’ हे काम हमखास असते. अंतिम बदल जेमतेम दहा-पंधरा ओळींचा असतो, त्यामुळे ते सोपे वाटते. परंतु त्या ओळींपैकी एक जरी चुकीच्या जागी पडली, तरी तयार झालेला कर्नल बोर्डावर एक अक्षरही न छापता थांबून राहतो, आणि ड्रायव्हर, बूटलोडर की केबल यांपैकी नेमके काय बिघडले आहे हे शोधण्यात नवख्याचे दिवस जातात. व्हीएनआयटीतून किंवा हिंगणा रस्त्यावरच्या महाविद्यालयांतून बाहेर पडून एम्बेडेड क्षेत्रात आलेली मुले मला नागपुरात भेटतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक याच टप्प्यावर अडलेले असतात. त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. सी भाषा येते, कर्नल एकदा तरी स्वतः बांधून पाहिला आहे आणि गिट वापरता येते, एवढे मी गृहीत धरतो.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा, फायली आणि कॉन्फिगची चिन्हे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती सर्व रोमन लिपीत टाइप करायची आहेत. कॉन्फिगची चिन्हे मोठ्या अक्षरांत आणि फायलींची नावे बहुतेक लहान अक्षरांत असतात.

आधी काय जमवावे

संगणकावर लिनक्स हवे, किमान ८ जीबी रॅम हवी आणि ३० जीबीच्या आसपास जागा मोकळी हवी. जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी, तसेच ओपनएसएसएल, लिबएल्फ आणि एनकर्सेस यांची डेव्हलपमेंट पॅकेजे, आर्मसाठीचा क्रॉस कम्पायलर आणि क्यूएमू (बोर्डाची संगणकातच नक्कल करणारा प्रोग्राम) हे सर्व आपल्या डिस्ट्रिब्यूशनच्या भांडारातून मिळते. कर्नलचा स्रोत गिटने उतरवताना वेळ वाचवण्यासाठी केवळ शेवटची आवृत्ती घेण्याचा मोह आवरावा, कारण या कामात एखादी ओळ कोणी आणि का लिहिली हे गिट ब्लेमने वारंवार पाहावे लागते आणि इतिहासच उतरवलेला नसेल तर ते पाहता येत नाही.

प्रत्यक्ष बोर्ड असेल तर उत्तम. सरावासाठी मी रास्पबेरी पाय झिरो सुचवतो, कारण त्यातील बीसीएम२८३५ या चिपमध्ये आर्मचा आर्किटेक्टेड टायमर (प्रोसेसरच्या आतच असणारा प्रमाणित टायमर) नाही आणि कर्नलची सगळी भिस्त चिपमधील सिस्टिम टायमरवर असते. यूएसबी ते सिरियल केबल सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मागताना ‘३.३ व्होल्ट टीटीएल’ असे स्पष्ट सांगा. पाच व्होल्टची किंवा जुन्या आरएस-२३२ पद्धतीची केबल लावल्यास बोर्डाच्या पिना जळू शकतात. बोर्ड नसेल, तर क्यूएमूमधील ‘रास्पी०’ या यंत्रावर या लेखातील बहुतेक पायऱ्या पार पडतात.

वाचण्यासाठी तीन गोष्टी हाताशी ठेवा. पहिली, चिपची माहितीपुस्तिका. बीसीएम२८३५च्या पेरिफेरल्स पुस्तिकेत सिस्टिम टायमर १२व्या प्रकरणात आहे. दुसरी, कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधील केकॉन्फिग भाषेवरील (कर्नल बांधतानाचे पर्याय ज्या भाषेत लिहितात ती) फाइल. तिसरी, त्याच ठिकाणची टायमर विभागातील टाइमकीपिंगवरची फाइल.

१. नेमकी कोणती निवड द्यायची आहे ते ठरवा

‘कॉन्फिगरेबल’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या मागण्या येतात आणि काम देणाऱ्याच्या मनात त्यांपैकी कोणती आहे, हे विचारल्याशिवाय संपादक उघडू नये.

पहिली मागणी चालू यंत्रावर वेळेचा स्रोत बदलण्याची असते. त्यासाठी एक ओळही लिहावी लागत नाही. सिस-एफएसमध्ये (‘/सिस’खाली दिसणाऱ्या कर्नलच्या फाइलव्यवस्थेत) डिव्हायसेस, सिस्टिम, क्लॉकसोर्स, क्लॉकसोर्स० या वाटेने गेल्यास ‘अव्हेलेबल_क्लॉकसोर्स’ आणि ‘करंट_क्लॉकसोर्स’ अशा दोन फायली दिसतात. पहिलीत उपलब्ध स्रोतांची नावे असतात आणि दुसरीत त्यांतले एखादे नाव लिहिले की कर्नल त्या स्रोताकडे वळतो. बूट करतानाच हे ठरवायचे असेल, तर कर्नलच्या आज्ञाओळीत ‘क्लॉकसोर्स=’ हा पर्याय आहे. मागणी एवढीच असेल तर काम येथेच संपले.

दुसरी मागणी कर्नल बांधताना ड्रायव्हर आत घ्यायचा की वगळायचा हे ठरवण्याची. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे. तिसरी मागणी ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळा ठेवण्याची; तिच्याविषयी पुढे थोडे लिहिले आहे.

२. तुमचा टायमर कोणती कामे करतो ते ओळखा

एकच हार्डवेअर टायमर कर्नलसाठी वेगवेगळी कामे करू शकतो. सतत वाढणारा गणक म्हणून तो ‘आता किती वाजले’ या प्रश्नाचे उत्तर देतो. हे क्लॉकसोर्सचे काम, आणि त्याची आजची चौकट २००६ साली २.६.१८ या आवृत्तीत आली. ठरावीक वेळेनंतर इंटरप्ट देणे हे क्लॉकइव्हेंटचे काम, आणि त्याची चौकट २००७ साली २.६.२१ मध्ये आली. शेड्युलरला आणि कर्नलच्या नोंदींना वेळशिक्के पुरवणे हे शेड_क्लॉकचे काम. यांपैकी तुमचा ड्रायव्हर काय काय करतो, त्यावर तो वगळल्यास काय बंद पडेल हे अवलंबून असते.

बीसीएम२८३५चा ड्रायव्हर ही तिन्ही कामे करतो आणि तो लहान असल्यामुळे पहिल्या वाचनासाठी उत्तम आहे. ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरातल्या ‘क्लॉकसोर्स’ फोल्डरात ‘बीसीएम२८३५_टायमर.सी’ ही फाइल उघडा. हा टायमर १ मेगाहर्ट्झने चालतो, म्हणजे त्याचा गणक दर मायक्रोसेकंदाला एकने वाढतो. ड्रायव्हर त्याचा खालचा ३२ बिटांचा भाग वाचतो आणि तो भाग सुमारे ७१ मिनिटे ३५ सेकंदांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. इंटरप्टसाठी तुलनेची चार रजिस्टरे आहेत. त्यांतील ० आणि २ या क्रमांकांची रजिस्टरे ग्राफिक्स प्रोसेसरच्या वापरात असतात, म्हणून लिनक्स ३ क्रमांकाचे वापरतो.

या फाइलमध्ये क्लॉकइव्हेंटची नोंदणी करताना किमान अंतर १५ दिलेले आहे. त्या आकड्याकडे नीट पाहा. हा टायमर गणक आणि तुलनेचे रजिस्टर तंतोतंत जुळले तरच इंटरप्ट देतो. पुढच्या घटनेची वेळ इतकी जवळची असेल की रजिस्टरात आकडा लिहीपर्यंत गणक त्याच्या पुढे निघून गेला, तर ती घटना थेट पुढच्या फेरीत, म्हणजे सत्तरहून अधिक मिनिटांनी घडेल. किमान अंतराचा आकडा त्यासाठी असतो. दुसऱ्याच्या ड्रायव्हरची नक्कल करताना हा आकडा विचार न करता उचलू नये.

ड्रायव्हरने जाहीर केलेले ‘रेटिंग’ही येथेच पाहून घ्या. उपलब्ध स्रोतांपैकी कर्नल सामान्यतः जास्त रेटिंगचा निवडतो. क्लॉकसोर्ससाठी १०० ते १९९ हे जेमतेम चालण्याजोगे, २०० ते २९९ चांगले, ३०० ते ३९९ हवेसे आणि ४०० ते ४९९ आदर्श, असे संकेत कर्नलच्या हेडर फाइलमध्येच लिहिलेले आहेत. बीसीएम२८३५चे रेटिंग ३०० आहे.

३. ड्रायव्हर सध्या कशामुळे बांधला जातो ते शोधा

‘क्लॉकसोर्स’ फोल्डरातील मेकफाइलमध्ये तुमच्या ड्रायव्हरची ओळ शोधा. त्या ओळीत ड्रायव्हरचे स्वतःचे चिन्ह असेल, किंवा संपूर्ण यंत्रकुटुंबाचे (एकाच घराण्यातील चिपांचे) असेल, म्हणजे ‘आर्च_’ने सुरू होणारे. दुसरा प्रकार असेल, तर तुमचे काम नेमके हेच आहे : ड्रायव्हरला स्वतःचे चिन्ह द्यायचे आणि मेकफाइलची ओळ त्या चिन्हाला बांधायची. त्यानंतर जुने चिन्ह संपूर्ण स्रोतात गिट ग्रेपने शोधा आणि ते आणखी कोठे कोठे या ड्रायव्हरशी निगडित आहे याची यादी करा. हेडर फाइलमधील ‘इफडेफ’ हमखास नजरेतून सुटतात.

४. केकॉन्फिगची नोंद लिहा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. बीसीएम२८३५ची नोंद मदतीचा मजकूर वगळता साधारण अशी आहे :

कॉन्फिग बीसीएम२८३५_टायमर
— बूल “बीसीएम२८३५ टायमर ड्रायव्हर” इफ कम्पाइल_टेस्ट
— डिपेंड्स ऑन हॅज_आयओमेम
— सिलेक्ट सीएलकेएसआरसी_एमएमआयओ

पहिल्याच ओळीतील ‘इफ कम्पाइल_टेस्ट’ या शब्दांत सगळे मर्म आहे. त्यांचा अर्थ असा की, हा प्रश्न मेनूमध्ये फक्त कम्पाइल_टेस्ट चालू असेल तेव्हाच दिसेल. इतर वेळी वापरकर्त्याला तो विचारलाच जाणार नाही आणि चिन्हाची किंमत दुसरे कोणीतरी, म्हणजे यंत्रकुटुंबाचे चिन्ह, ठरवेल. कम्पाइल_टेस्ट हे चिन्ह २०१३ साली ३.११ या आवृत्तीत आले. ज्या चिपवर ड्रायव्हर चालणार नाही, त्या आर्किटेक्चरवरही तो निदान कम्पाइल होतो का हे पाहता यावे, हा त्याचा हेतू आहे.

नवख्याला स्वाभाविकपणे वाटते की, निवड द्यायची म्हणजे मेनूत उघड प्रश्न ठेवायचा. पण तसे केल्यावर काय होते ते पाहा. नवा प्रश्न आला आणि त्याला मूळ किंमत दिलेली नसली, की त्याचे उत्तर ‘नाही’ असे धरले जाते. ज्याच्याकडे जुनी ‘डॉट कॉन्फिग’ फाइल आहे तो नवा कर्नल उतरवतो, सवयीने ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवतो, ही आज्ञा सर्व नव्या प्रश्नांना मूळ किंमत देऊन मोकळी होते, आणि काल चालणारा बोर्ड आज उठत नाही. त्या माणसाने काहीही चुकीचे केलेले नसते. म्हणून ज्या टायमरवाचून यंत्र सुरूच होऊ शकत नाही, त्याच्याबद्दल वापरकर्त्याला विचारूच नये, असे माझे ठाम मत आहे. ही निवड यंत्राची माहिती असलेल्या केकॉन्फिगची असते.

उघड प्रश्न योग्य ठरतो तो टायमर दुय्यम असेल तेव्हा. आर्मव्ही८ चिपमध्ये आर्किटेक्टेड टायमर असतोच, त्यामुळे तिच्यातील निर्मात्याचा जादा टायमर वगळला तरी यंत्र उठते आणि तेथे वापरकर्त्याला विचारायला हरकत नाही. या दोन टोकांच्या मधला मार्गही आहे. एक्स८६वरील ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या पॉवर मॅनेजमेंट टायमरच्या नोंदीत प्रश्न ‘इफ एक्स्पर्ट’ असा आहे आणि मूळ किंमत ‘हो’ आहे. जाणकाराने मुद्दाम एक्स्पर्ट चालू केले तरच तो टायमर बंद करता येतो.

आता ‘डिपेंड्स ऑन’ आणि ‘सिलेक्ट’ यांच्याबद्दल. ‘डिपेंड्स ऑन’ म्हणजे अट : ती पूर्ण नसेल तर चिन्ह चालू होऊ शकत नाही. ‘सिलेक्ट’ म्हणजे सक्ती : ती समोरच्या चिन्हाच्या अटी न पाहता ते चालू करते. सक्ती केलेल्या चिन्हाच्या अटी अपुऱ्या असतील तर केकॉन्फिग ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ असा इशारा छापते, पण कॉन्फिग तशीच तयार होते आणि बांधणी पुढे कोठेतरी फुटते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, फुटत नाही. हा इशारा दिसला की तेथेच थांबा. नियम असा ठेवा की, सीएलकेएसआरसी_एमएमआयओ किंवा टायमर_ऑफ (येथे ‘ऑफ’ म्हणजे ओपन फर्मवेअर, ‘बंद’ नव्हे) यांसारखी, स्वतःचा प्रश्न नसलेली साहाय्यक चिन्हे ‘सिलेक्ट’ करावीत आणि हॅज_आयओमेमसारख्या, आर्किटेक्चरच्या क्षमता सांगणाऱ्या चिन्हांवर ‘डिपेंड्स ऑन’ लावावे. हॅज_आयओमेमची अट विसरल्यास युजर मोड लिनक्सच्या (लिनक्सवरच साध्या प्रोग्रामसारख्या चालणाऱ्या कर्नलच्या) बांधणीत गडबड होते, कारण तेथे ते चिन्ह एरवी बंद असते.

मदतीच्या मजकुरात आळस करू नका. तो चार ओळींहून लहान असल्यास तपासणीची स्क्रिप्ट टोकते. पण खरे कारण असे की, कोणत्या चिपमध्ये हा टायमर असतो आणि तो बंद केल्यास काय होईल, हे वाचणाऱ्याला दुसरीकडे कोठेही कळणार नसते.

५. यंत्रकुटुंबाकडून सक्ती करा, आणि ती त्याच पॅचमध्ये

बीसीएम२८३५च्या बाबतीत ‘आर्च, आर्म, मॅक-बीसीएम’ या फोल्डरातील केकॉन्फिगमध्ये आर्च_बीसीएम२८३५ हे चिन्ह बीसीएम२८३५_टायमरला सिलेक्ट करते. तुमच्या ड्रायव्हरसाठीही अशीच एक ओळ लागेल.

येथे सुबकपणाच्या नादात पॅचेसचे तुकडे चुकीच्या जागी पाडले जातात : पहिल्या पॅचमध्ये ड्रायव्हरचे नवे चिन्ह आणि मेकफाइल, दुसऱ्यात यंत्रकुटुंबाची सिलेक्टची ओळ. दोन्ही लागू झाल्यावर सर्व ठीक चालते. मात्र इतिहासातील त्या दोहोंच्या मधल्या स्थितीत कर्नलमध्ये टायमरच नसतो. पुढे कोणी वेगळ्याच दोषाचा माग काढण्यासाठी गिट बायसेक्ट चालवतो, त्या मधल्या जागी पोहोचतो, बोर्ड उठत नाही, आणि तो निष्पाप पॅचला दोषी ठरवतो. म्हणून चिन्हाची व्याख्या, मेकफाइलची ओळ आणि सिलेक्ट हे तिन्ही एकाच पॅचमध्ये ठेवा. तुकडे पाडायचेच असतील तर आधी चिन्हाची व्याख्या व सिलेक्ट आणि नंतर मेकफाइल, असा क्रम सुरक्षित आहे. या क्रमात प्रत्येक स्थितीत ड्रायव्हर बांधला जातो.

सिलेक्टऐवजी ड्रायव्हरच्या नोंदीतच ‘डिफॉल्ट आर्च_अमुक’ लिहिण्याची पद्धतही आहे. ती अटी पाळते, म्हणून अधिक स्वच्छ वाटते. पण कम्पाइल_टेस्ट चालू असताना प्रश्न दिसू लागतो आणि तेव्हा वापरकर्ता ती किंमत बदलू शकतो. अत्यावश्यक टायमरसाठी मी सिलेक्टच पसंत करतो.

६. परक्या आर्किटेक्चरवर कम्पाइल करून पाहा

कम्पाइल_टेस्ट लिहिले की तुमचा ड्रायव्हर अशा ठिकाणी बांधला जाऊ लागतो जेथे तो पूर्वी कधीही गेला नव्हता. म्हणून पॅच पाठवण्यापूर्वी किमान चार बांधण्या करा : तुमच्या यंत्राची नेहमीची डेफकॉन्फिग (त्या यंत्रासाठीची तयार कॉन्फिग), ६४ बिटांच्या एक्स८६वर ‘ऑलयेसकॉन्फिग’ (शक्य तेवढे सर्व पर्याय चालू असलेली), आर्म६४वर तीच, आणि युजर मोड लिनक्स. संपूर्ण कर्नल दर वेळी बांधण्याची गरज नाही. कॉन्फिग तयार झाल्यावर मेकला फक्त ‘ड्रायव्हर्स/क्लॉकसोर्स/’ हा मार्ग दिला की तेवढेच फोल्डर बांधले जाते. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी लॅपटॉपवर पूर्ण बांधणी लावली, तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि वेळ बराच वाढतो, तेव्हा ही सोय लक्षात ठेवा. जादा इशाऱ्यांसाठी ‘डब्ल्यू=१’ आणि स्पार्स या कोड तपासणाऱ्या साधनासाठी ‘सी=१’ द्या.

येथे निघणारे दोष बहुधा ठरलेले असतात. जुन्या ड्रायव्हरमध्ये ‘एएसएम/मॅक’ किंवा थेट ‘मॅक’ फोल्डरातील हेडर घेतलेले असतात आणि ते इतर आर्किटेक्चरवर नसतात. बहुतेक वेळा त्यांची गरजही उरलेली नसते, ओळ काढून टाकली की भागते. विलंबासाठी टायमरची नोंद करणारे ‘रजिस्टर_करंट_टायमर_डिले’ हे फंक्शन आर्मपुरते मर्यादित आहे, ते ‘इफडेफ कॉन्फिग_आर्म’मध्ये ठेवावे लागते. पॉइंटर ३२ बिटांच्या पूर्णांकात कोंबलेला असेल तर ६४ बिटांवर इशारा येतो. ही दुरुस्ती स्वतंत्र पॅचमध्ये, आणि कॉन्फिगच्या पॅचच्या आधी ठेवा.

७. चालवून पाहा, आणि मुद्दाम बंद पाडूनही पाहा

बीसीएम२८३५ची डेफकॉन्फिग घेऊन कर्नल बांधा आणि पाय झिरोच्या डिव्हाइस ट्रीसह (बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलसह) तो क्यूएमूमध्ये उठवा. आज्ञाओळीत ‘अर्लीकॉन’ (अगदी आरंभापासून संदेश छापणारा कन्सोल) अवश्य द्या. ते का, हे लगेच कळेल.

कर्नल उठला की ‘प्रॉक’मधील ‘टायमर_लिस्ट’ ही फाइल पाहा, तिच्यात तुमच्या क्लॉकइव्हेंटचे नाव असले पाहिजे. ‘प्रॉक’मधील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल काही सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा, टायमरच्या ओळीतील आकडा वाढलेला दिसला पाहिजे. सिस-एफएसमधील करंट_क्लॉकसोर्समध्ये तुमचे नाव आहे का तेही पाहा.

त्यानंतर यंत्रकुटुंबाच्या केकॉन्फिगमधील सिलेक्टची ओळ तात्पुरती काढा, पुन्हा बांधा आणि उठवा. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी करावा, म्हणजे टायमर नसलेला कर्नल कसा दिसतो हे कायमचे लक्षात राहते. सुरुवातीच्या ओळींमध्ये ‘टायमर_प्रोब : नो मॅचिंग टायमर्स फाउंड’ अशी ओळ येते. नोंदींच्या डावीकडील वेळशिक्के शून्यावरच अडकून राहतात. मग ‘कॅलिब्रेटिंग डिले लूप’ ही ओळ येते आणि कर्नल तेथेच थांबतो; कारण त्या फंक्शनमध्ये जिफीज हा गणक वाढण्याची वाट पाहिली जाते आणि तो वाढवणारा इंटरप्ट कधी येतच नाही. यातले काहीही अर्लीकॉनशिवाय दिसत नाही, कारण नेहमीचा सिरियल कन्सोल या टप्प्यानंतर सुरू होतो. बोर्ड पूर्ण गप्प असेल तर पहिला संशय अर्लीकॉनवर आणि दुसरा टायमरवर घ्या.

प्रत्यक्ष बोर्डावर दोन चाचण्या अधिक करा. पहिली, ‘स्लीप ६००’ ही आज्ञा देऊन मोबाइलच्या स्टॉपवॉचशी ताडून पाहा. दहा मिनिटांत काही सेकंदांचा फरक पडला, तर डिव्हाइस ट्रीमधील क्लॉकची वारंवारता चुकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. दिवसभरात एक-दोन सेकंदांचा फरक मात्र ड्रायव्हरच्या माथी मारू नका. क्रिस्टलमध्ये २० पीपीएमची (दहा लाखांत वीस भागांची) चूक असेल तर दिवसाला १.७ सेकंदांचा फरक पडतो. ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारा टायमर असेल तर तापमानाचाही हिशेब धरावा लागतो : अशा क्रिस्टलचा वेग २५ अंशांपासून जितके दूर जावे त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, गुणक साधारण ०.०३४ पीपीएम असतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बिनाएसीच्या खोलीत बोर्ड ४५ अंशांवर असेल तर सुमारे १४ पीपीएम, म्हणजे दिवसाला १.२ सेकंद, मागे पडतो. जानेवारीत आणि मे महिन्यात घेतलेली मोजमापे जुळली नाहीत म्हणून कोडमध्ये हात घालण्यापूर्वी हे गणित करावे.

दुसरी चाचणी गणक भरून पुन्हा शून्यावर येण्याची. बीसीएम२८३५साठी बोर्ड दोन तास चालू ठेवा आणि त्या काळात सतत छोट्या झोपा घेणारा एखादा प्रोग्राम चालवा. गणकाच्या रुंदीचा आकडा चुकीचा नोंदवला असेल, तर तो दोष ७१ मिनिटांच्या आत कधीच दिसत नाही आणि घाईने तपासणाऱ्याला सगळे बरोबर वाटते. वादळी पावसाच्या दिवसांत वीज जाण्याचा भरवसा नसतो, तेव्हा बोर्ड पॉवर बँकेवर लावून ही चाचणी घ्या. कर्नलच्या ‘टूल्स, टेस्टिंग, सेल्फटेस्ट्स, टायमर्स’ या फोल्डरातील चाचण्याही चालवाव्यात. त्यांतील नॅनोस्लीप आणि रॉ_स्क्यू या विशेष उपयोगी आहेत.

८. मॉड्यूल करायचा असेल तर

मुख्य टायमर मॉड्यूल करता येत नाही. ‘टायमर_ऑफ_डिक्लेअर’ने नोंदवलेले ड्रायव्हर कर्नलच्या आरंभीच, फाइलसिस्टिम जोडली जाण्याच्या कितीतरी आधी, चालवले जातात, मॉड्यूल त्या वेळी डिस्कवरच पडून असते. दुय्यम टायमर प्लॅटफॉर्म ड्रायव्हर म्हणून लिहिलेला असेल तर ‘ट्रायस्टेट’ (हो, नाही किंवा मॉड्यूल अशी निवड) शक्य आहे. तेव्हाही मॉड्यूल काढून टाकण्याची वाट बंद ठेवा, कारण नोंदवलेला क्लॉकइव्हेंट सुरक्षितपणे मागे घेण्याची सरळ सोय कर्नलमध्ये नाही.

९. पॅच पाठवा

‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरातील चेकपॅच चालवा आणि गेट_मेंटेनर कोणाची नावे देतो ते पाहा. क्लॉकसोर्स ड्रायव्हरसाठी डॅनियल लेझ्कॅनो आणि थॉमस ग्लाइक्स्नर ही नावे येतील. यंत्रकुटुंबाच्या केकॉन्फिगला हात लावला असल्याने त्या कुटुंबाचे मेंटेनरही (त्या भागाची जबाबदारी सांभाळणारेही) येतील. पाचव्या पायरीत सर्व बदल एकाच पॅचमध्ये ठेवले असल्यामुळे तो दोन विभागांच्या हद्दीत येतो. तेव्हा यंत्राच्या मेंटेनरकडून ‘अॅक्ड-बाय’ ही संमतीची नोंद मागा, म्हणजे क्लॉकसोर्सच्या मेंटेनरला तो निर्धास्तपणे घेता येईल.

विषयाची ओळ ‘क्लॉकसोर्स/ड्रायव्हर्स/’ आणि पुढे ड्रायव्हरचे नाव अशी सुरू करा. मजकुरात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहा, आणि कोणत्या बोर्डावर व कोणत्या कॉन्फिगने तपासले तेही नोंदवा. साइन्ड-ऑफ-बायमध्ये ओळखीचे नाव हवे, निनावी सही चालत नाही. मेल गिट सेंड-ईमेलने साध्या मजकुरात पाठवा. अनेक कंपन्यांची मेलव्यवस्था प्रत्येक मेलखाली गोपनीयतेचा मजकूर आपोआप जोडते आणि टॅबच्या जागी स्पेस घालते. असा मेल पॅच म्हणून लागू होत नाही. आधी स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवून, तो गिट एएमने लागू होतो का ते पाहा. कार्यालयाच्या वेळेत केलेले काम असेल, तर बाहेर पाठवण्याची वरिष्ठांची परवानगी लेखी घेतलेली बरी.

उत्तर आले नाही म्हणून दोन दिवसांत आठवण करू नका. नव्या आवृत्तीनंतरचे पहिले दोन आठवडे मर्ज विंडोचे असतात आणि तेव्हा बहुतेक मेंटेनर नवे पॅच पाहत नाहीत. बदल सुचवले गेले, तर दुसरी आवृत्ती ‘व्ही२’ म्हणून पाठवा आणि काय बदलले ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा, म्हणजे ते गिटच्या इतिहासात जात नाही. पॅच स्वीकारला गेला की टिप या ट्रीकडून (टायमरसह काही विभागांचे बदल जेथे जमा होतात तिच्याकडून) कमिटच्या क्रमांकासह आपोआप मेल येतो. त्यानंतर तो लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या आवृत्तीचे बदल एकत्र केलेल्या ट्रीमध्ये) पोहोचेल तेव्हा ती ट्री उतरवून तुमच्या यंत्राची डेफकॉन्फिग आणि एक्स८६ची ऑलयेसकॉन्फिग या दोन्ही पुन्हा बांधा आणि बोर्ड एकदा उठवून पाहा. दरम्यान दुसऱ्या कोणी यंत्रकुटुंबाच्या त्याच केकॉन्फिगमध्ये बदल केलेला असेल आणि एकत्र करताना तुमची सिलेक्टची ओळ गळली असेल, तर ते येथेच उघडकीला येते.